ओणव्यांचं कुंपण

ओणवे हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव सेवापुस्तकात होतं आणि तिथंच सुखानं नांदत होतं. पण वनस्पती-सर्वेक्षणाच्या कचेरीत सव्वीस वर्षं जो माणूस सदानकदा जमिनीकडे तोंड करून दिसतो, त्याला लोकांनी दुसरं म्हणावं तरी काय? टेकडीच्या रस्त्यानं जाणाऱ्या बसमधल्या प्रवाशांना त्यांचा चेहरा ठाऊक नव्हता, पाठ मात्र शंभरात ओळखली असती. पुढे पुढे कचेरीत नव्यानं आलेल्यांना तेच आडनाव वाटायला लागलं. एकदा तर वरच्या कचेरीतून 'श्री. ओणवे यांस' असं पत्र आलं आणि त्यांनी ते मुकाट्यानं घेतलं. पत्रात बढती नाकारली होती. ती आपल्या खऱ्या आडनावाला लागू होत नाही असं मानायला जागा राहिली, एवढाच काय तो फायदा.

काम सांगायला सोपं होतं. दुर्मीळ झाडं कुठं आहेत ते शोधायचं, किती आहेत ते मोजायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन किती कमी झाली ते पाहायचं. झाड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सावली देणारं काहीतरी येतं. ओणव्यांच्या झाडाच्या सावलीत मुंगीसुद्धा धड बसली नसती. वीतभर उंची, दोन पानं, जमिनीत लसणीच्या पाकळीएवढा कांदा, आणि पावसाळा सरला की तीन आठवड्यांपुरतं नखाएवढं फिकट जांभळं फूल. टेकडीवरच्या सपाट कातळावर, जिथं बोटभरसुद्धा माती नव्हती, तेवढ्या एकाच जागी ते यायचं. दुसरीकडे कुठंही ते कुणाला सापडलेलं नव्हतं.

सापडलं ओणव्यांनाच, पण शोधल्यामुळे नव्हे. चौदा वर्षांपूर्वी ते शेवाळावरून घसरून सपशेल पालथे पडले आणि त्यांचं नाक त्या फुलापासून चार बोटांवर येऊन थांबलं. झाडाला शास्त्रीय नाव मिळालं ते मात्र विद्यापीठातल्या प्राध्यापकांचं. प्राध्यापकांनी ते फक्त टीपकागदात दाबून वाळवलेलं पाहिलं होतं. ओणव्यांचा उल्लेख लेखाच्या शेवटी आभारात होता, गाडीच्या चालकाच्या खाली. चालक बिचारा आठवडाभर ओणव्यांची नजर चुकवत होता.

घरी ते त्या झाडाला 'बुटकी' म्हणायचे. बायको 'तुमची बुटकी' म्हणायची, आणि त्यातल्या 'तुमची'वर असा काही जोर द्यायची की ऐकणाऱ्याला भलताच संशय यावा.

"माझा वाढदिवस विसरता," ती शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "तिचा बहर बरा लक्षात राहतो."

"अगं, तिला वर्षात तीनच आठवडे मिळतात."

"मला तरी तुमचे कुठं जास्त मिळतात?"

यावर ते डबा उचलायचे आणि टेकडी चढायला लागायचे.

बुटकीला एक वैरी होता, आणि तो ओणव्यांनी पहिल्याच वर्षी शोधून काढला होता. सर्वेक्षणाच्या छापील तक्त्यात रकाने असतात: नाव, ठिकाण, संख्या, आणि शेवटी 'धोका'. पहिले तीन भरून ते चौथ्यापाशी आले तेव्हा त्यांना एक फूल अर्धं कुरतडलेलं दिसलं, आणि शेजारी चार ताज्या लेंड्या. ओणव्यांनी 'धोका'समोर 'शेळ्यांची चराई' असं ठळक अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ मारली. एवढ्या पुराव्यावर पोलिसांना साधा सायकलचोर धरता येत नाही. सर्वेक्षकाला मात्र चालतं.

शेळ्या होत्या मावशीच्या. टेकडीच्या पायथ्याला तिचं घर होतं, वीस-बावीस शेळ्या होत्या, आणि सगळी वस्ती तिला मावशीच म्हणायची. वयानं ती ओणव्यांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. ओणवे मात्र तिला 'बाई' म्हणायचे, कारण 'मावशी' म्हणून माणसाला दम देता येत नाही.

"बाई, शेळ्या इथं आणू नका. इथं दुर्मीळ वनस्पती आहे."

"कुठंय?"

"ही काय, तुमच्या पायापाशी."

मावशी वाकून बघायची. "ही होय? ही माझ्या लहानपणापासून आहे. शेळ्या खात नाहीत ही. कडू असते."

"कडू असते हे तुम्हांला काय माहीत?"

"चावून बघितलीय की."

ओणव्यांनी त्या दिवशी वहीत नोंद केली: 'स्थानिक स्त्रीकडूनही वनस्पतीस धोका संभवतो.' ती वही पुढे त्यांनी कितीतरी जणांना दाखवली. या पानावर आलं की पटकन पुढचं उलटायचं, ही अक्कल मात्र त्यांना बऱ्याच उशिरा आली.

नऊ वर्षं त्यांनी कुंपणासाठी पत्रं लिहिली. पत्राला उत्तर नाही आलं की दुसरं लिहायचं, त्यात पहिल्याचा संदर्भ द्यायचा. शेवटी शेवटी पत्रात संदर्भच दीड पान व्हायला लागले आणि मजकूर दोन ओळी. मावशीला एक नोटीसही गेली. मग एके दिवशी वरच्या कुणाला तरी कंटाळा आला असावा, कारण कुंपण मंजूर झालं. पुरुषभर उंचीची जाळी, लोखंडी दार, दाराला कुलूप, आणि त्याची एकुलती एक किल्ली ओणव्यांच्या गळ्यात दोरीला. आतल्या जागेचे त्यांनी मीटरभर लांबी-रुंदीचे चाळीस चौकोन आखले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात नंबर रंगवला. दर वर्षी त्या चाळीस चौकोनांतली फुललेली रोपं मोजायची, एक इकडे नाही की तिकडे नाही.

कुंपण झालं त्या दिवशी मोठे साहेब आले, भाषणं झाली. ओणवेही बोलले. "आता बुटकीच्या केसालाही धक्का लागणार नाही," असं ते भावनेच्या भरात म्हणाले. प्रमुख पाहुण्यांना बुटकी कोण ते ठाऊक नव्हतं. त्यांनी अदबीनं बायकांच्या रांगेकडे पाहिलं.

मावशी जाळीच्या बाहेर शेळ्या घेऊन उभी होती. "छान झालं," ती म्हणाली. "आता आतल्या गवताला कुणी हात लावायचं नाही."

ओणव्यांना ते कौतुक वाटलं. त्यांनी चक्क हात जोडले.

पहिल्या वर्षी आत दोनशे बारा रोपं भरली. दुसऱ्या वर्षी दोनशे चाळीस. ओणव्यांनी तो आकडा कागदावर मोठ्ठा काढून टेबलाच्या काचेखाली ठेवला. तिसऱ्या वर्षी एकशे एक्काहत्तर भरली, तेव्हा त्यांनी काचेवर फाइल ठेवली. चौथ्या वर्षी चौतीस.

कारणं त्यांच्याकडे तयार असायची. पाऊस लवकर आला. पुढच्या वर्षी तो उशिरा आला. मग कीड. मग त्यांना स्वतःच्या डोळ्यांची शंका आली आणि त्यांनी नवा चष्मा केला. नव्या चष्म्यातून चौतीसची तेहतीस झाली, कारण एक वाळकं पान निघालं. बायको म्हणाली, "इतकं नाकाशी नाक लावून बघत असता. तिलाच तुमचं तोंड बघवेनासं झालं असेल."

पाचव्या वर्षी अकरा भरली. क्रिकेटचा संघ होतो, पण राखीव खेळाडू नाही.

कचेरीत तेव्हा नव्या साहेब आल्या होत्या, ओणव्यांच्या मुलीच्या वयाच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे आणि त्या ओणव्यांना काका म्हणायच्या. वाळवलेल्या रोपांची कपाटं असलेल्या खोलीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, त्यांनी ओणव्यांना समोर बसवलं.

"काका, दोन आठवड्यांनी समितीची बैठक आहे. हा आकडा असाच घसरत गेला तर ती जागा संरक्षित यादीतून काढतील. आणि काढली की तिथं गाड्यांचा तळ होणार. टेकडीवरून सूर्यास्त बघायला लोक येतात, त्यांना गाड्या लावायला जागा हवीय. अर्ज येऊन पडलाय."

"आतून आणखी एक कुंपण घालू," ओणवे म्हणाले. "पहिल्याच्या आत दुसरं. मी मसुदा आणलाय."

मॅडमनी मसुदा हातात घेतला, पण वाचला नाही. "आत शिरतंय तरी काय?"

"काहीतरी शिरतंय. शिरल्याशिवाय कमी होतील का?"

ओणव्यांच्या मनात त्या 'काहीतरी'चा चेहरा पक्का होता. मावशी. जाळीला कुठंतरी भोक पाडून ही बाई शेळ्या आत सोडते, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली आणि एका मोठ्या दगडामागे डबा, पाण्याची बाटली घेऊन पालथे पडून पाळत ठेवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा डोळा लागला.

"कोण मेलंय काय इथं?"

ओणवे ताडकन उठून बसले. मागे मावशी उभी होती, काठी टेकून.

"मी आहे."

"ते दिसलं. पाठीवरून ओळखलं. काय चाललंय?"

"पाळत ठेवतोय."

"कुणावर?"

सरकारी माणूस झाला तरी समोरच्याच्या तोंडावर 'तुमच्यावर' म्हणायला जीभ रेटत नाही. "एकूणच," ओणवे म्हणाले.

मावशी दगडावर बसली. तिच्या शेळ्या जाळीच्या बाहेरून चरत होत्या, अगदी तारेला नाक घासत. दोघी-तिघींनी जाळीतून तोंड घालून आतल्या गवताचा शेंडा ओढला. नंतर आणखी आत जाता येईना म्हणून त्या मागे फिरल्या.

"राहिलंय का काही आत, तुमचं ते कडू?"

"अकरा."

"हां."

"हां काय?"

"मग काय म्हणू? गवत बघा केवढं माजलंय. माझं करडू हरवेल त्यात. तुमच्या नखाएवढ्या फुलानं डोकं कुठून वर काढायचं? त्याला ऊन नको?"

"गवत आधीही होतंच, बाई."

"होतं. पण खायला माझ्या पोरी होत्या."

ओणव्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. चौदा वर्षांची उत्तरं होती त्यांच्याकडे, त्यातली निम्मी टंकलिखित. ती बाहेर पडायच्या आधीच मावशीनं काठीचं टोक जाळीच्या अलीकडे, बाहेरच्या बाजूला नेलं.

"ती बघा, तिथं चार आहेत. पुढे दाराकडे आणखी."

ओणवे गुडघ्यांवर आले. बाहेरच्या त्या अरुंद पट्टीत गवत हजामत केल्यासारखं कापलेलं होतं, मधूनमधून काळा कातळ उघडा पडला होता, आणि त्या उघड्यावर फिकट जांभळी फुलं ऊन खात उभी होती. ते रांगत रांगत जाळीच्या कडेनं निघाले. मोजून सव्वीस भरली. दाराजवळची सात तर अशा जागी होती की जिथं उभं राहून ते रोज कुलूप काढायचे. पाच वर्षं ते याच वाटेनं आत जाऊन मोजत होते, जाड तळाचे बूट घालून. बाहेर कधी पाहिलंच नव्हतं, कारण चाळीस चौकोन सगळे आत होते, आणि चौकोनाबाहेरचं तक्त्यात बसत नाही.

"शेळ्यांनी ही खाल्ली नाहीत," ते स्वतःशीच म्हणाले.

"कडू असते," मावशी म्हणाली. "सांगितलं होतं."

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती एका परकराला नाडी ओवत होती. ती थांबली.

"म्हणजे चूक कुणाची?"

"माझी."

"तारीख घालून लिहून द्या. पुन्हा कधी मिळायचं नाही हे."

"थट्टा नको गं. मी पाच वर्षं गवताची राखण केली. पगार घेऊन. आणि आता त्याच गवताभोवती दुसरं कुंपण मागतोय."

बायकोनं नाडी बाजूला ठेवली. "निवृत्तीला चार महिने राहिले तुमच्या. गप्प बसलात तर कळणार कुणाला?"

"शेळ्यांना," ते म्हणाले.

"मग जा आणि सांगा काय ते. लाज वाटेल. वाटू दे. बढतीच्या वेळी दर वर्षी वाटतच होती ना?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा तक्ता घेतला. संख्या लिहिली. 'धोका' या रकान्यापाशी आले, पेन झटकलं आणि लिहिलं: 'सर्वेक्षक.'

मॅडमनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. "काका, असं लिहिता येत नाही."

"का? रकान्यात बसतंय की."

"तसं नाही हो. कुंपण घालायची तरतूद आहे. काढायची नाही. आणि तुम्ही म्हणताय शेळ्या सोडा. शेळ्या कुठल्या शीर्षकाखाली दाखवू मी? वरचे विचारतील, काढायचं होतं तर घातलं कशाला?"

"मी नऊ वर्षं डोकं खाल्लं म्हणून घातलं. तेच सांगा."

"त्यापेक्षा असं करू." मॅडमनी कागद ओढला आणि सुबक अक्षरात लिहिलं: 'अनपेक्षित परिस्थितिकीय कारणे.' "यात सगळं आलं. तुमचं नावही राहील, आपण हळूहळू गवतही कापून घेऊ."

खोटं कशाला, ओणव्यांना ते शब्द फार आवडले. ते कागद घेऊन जागेवर आले आणि अर्धा दिवस त्याच्याकडे बघत बसले. त्या तीन शब्दांच्या आड आख्खा माणूस लपला असता, आणि ते तर वाकलेलेच होते, सहज मावले असते. गवताचाही विचार केला. गवत कापायला माणसं लागणार, माणसं गवताबरोबर फुलंही छाटणार, मग त्यांच्यावर देखरेख लागणार, आणि ती देखरेख ओणव्यांसारखाच कुणीतरी करणार. इथवर आल्यावर त्यांनी कागदाची घडी करून डळमळणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली आणि मॅडमना जाऊन सांगितलं, "बैठकीत मीच बोलतो."

बैठक लांबलचक टेबलाभोवती होती. प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि कोरी वही. प्राध्यापकही आले होते, ज्यांच्या नावानं बुटकी ओळखली जात होती. ओणवे उभे राहिले आणि त्यांनी आकडे सांगितले: आत अकरा, बाहेर सव्वीस. कुंपणानं शेळ्या थांबल्या, शेळ्या थांबल्यावर गवत वाढलं, गवतानं ऊन अडवलं. कुंपण सर्वेक्षकानं मागितलं होतं. सर्वेक्षक मीच.

"चराईमुळे दुर्मीळ वनस्पती वाचते," प्राध्यापक म्हणाले, "हे जरा धाडसाचं विधान नाही का?"

"आहे, सर. पण चराईनं ती मरते हेही विधान माझंच होतं. ते मी एका कुरतडलेल्या फुलावरून केलं होतं. हे सदतीस रोपांवरून करतोय. तेवढी तरी सुधारणा धरावी."

अध्यक्ष वैतागले होते. "पाच वर्षं तुम्ही तिथं करत काय होतात?"

"मोजत होतो, साहेब."

टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं. ओणवे तरीही बसले नाहीत. शेवटी मॅडम मध्ये पडल्या. एक वर्ष प्रयोग करू, म्हणाल्या. अध्यक्षांनी अट घातली: पुढच्या बहरात त्याच चाळीस चौकोनांत अकरापेक्षा एक तरी रोप जास्त दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर जागा यादीतून गेली, आणि मग गाड्यांचा तळ.

"शेळ्या आणणार कोण?" कुणीतरी विचारलं.

"मी आणतो," ओणवे म्हणाले. मावशीला विचारलेलंच नाही, हे त्यांना जिना उतरताना आठवलं.

मावशी अंगणात एका शेळीचं खूर बघत बसली होती. ओणवे फाटकाशी उभे राहिले. तिनं त्यांना 'या'ही म्हटलं नाही आणि 'जा'ही म्हटलं नाही.

"शेळ्या परत वर आणाल का, असं विचारायला आलोय."

"नोटीस धाडली होतीत मला."

"हो."

"सुनेनं वाचून दाखवली. 'अनधिकृत जनावरं' म्हणून लिहिलं होतं त्यात. हिची आई त्याच कातळावर जन्मली, हिची आजीही. तुम्ही कुठले?"

"मी बदली होऊन आलो."

"मग अनधिकृत कोण?"

ओणव्यांनी चपला फाटकाबाहेर काढल्या, कारण काहीतरी करणं भाग होतं. "चुकलं, मावशी," ते म्हणाले. बाईची मावशी कधी झाली ते त्यांनाही कळलं नाही. मावशीला कळलं. तिनं शेळीचा पाय सोडला आणि ओट्याकडे मान केली. ओणवे बसले.

"कुलूप काढून भागायचं नाही," मावशी म्हणाली. "दारच काढा. किल्ली राहिली की माणसाच्या हाताला खाज सुटते. उद्या तुमच्या जागी दुसरा येईल."

"काढतो."

"आणि शेळ्या वर्षभर वर ठेवणार नाही मी. कळी दिसली की तीन आठवडे खाली ठेवणार. खातात म्हणून नाही, खुरानं चिरडतात म्हणून. बी गळून पडलं की पुन्हा वर. ते बी खुरानंच मातीत दाबलं जातं. लिहून घेताय का?"

ओणवे लिहून घेत होते.

"हे चौदा वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं. चहा पाजून."

"विचारलं नाही मी."

"नाही. तुम्ही सांगत होतात."

दार काढायला ओणवे आणि गाडीचा चालक असे दोघं गेले. बोल्ट गंजले होते. तिसऱ्या बोल्टाला ओणव्यांच्या अंगठ्याचं साल निघालं आणि चालक म्हणाला, "काका, बसवताना तुम्हीच म्हणाला होतात, असे आवळा की पिढ्यान्‌पिढ्या निघता कामा नयेत." ओणव्यांनी त्याला पाना नीट धरायला सांगितलं. दारामागोमाग एका बाजूची जाळीही निघाली. मावशीच्या शेळ्या आत शिरल्या त्या अशा, जशा काही पाच वर्षं दारात ताटकळत होत्या. आठवडाभरात गवत गुडघ्यावरून घोट्यावर आलं.

चार महिन्यांनी ओणवे निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात कुणीही कुंपणाचा उल्लेख केला नाही, त्यामुळे सगळ्यांना तेच आठवत होतं. पुढचे दिवस त्यांनी घरात काढले, म्हणजे बायकोच्या कपाटातल्या रिळांची मोजणी केली. बायकोनं आठ दिवस सोसलं आणि मग सांगितलं की बहर येईपर्यंत रोज टेकडीवर फिरायला जा, पण माझ्या रिळांना नंबर घालू नका.

बहराच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडमचा निरोप आला. मोजणीला या, पगार नाही, चहा आहे. सकाळी दहाला तिघं वर जमली. मॅडम दगडावर तक्ता घेऊन बसल्या. मावशी शेळ्या घरी ठेवून एकटीच आली होती आणि काठीवर हनुवटी टेकून उभी होती. ओणव्यांनी एक नंबरच्या चौकोनापाशी गुडघे टेकले.

गवत कमी होतं, कातळ दिसत होता. पण पाच वर्षांचं दबलेलं होतं सगळं. पहिले सहा चौकोन कोरे. सातव्यात एक. "एक," ओणवे ओरडले. बाराव्यात दोन. मग पुन्हा काहीच नाही, सलग आठ चौकोन. विसाव्याला तीन झाली, तिसाव्याला आठ. बत्तीसला त्यांनी 'शून्य' सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात गाड्या रांगेत लागलेल्या होत्या, काचा वर केलेल्या.

छत्तिसाव्यात तीन सापडली. अकरा. म्हणजे जिथं होतो तिथंच, आणि अट एकानं जास्तची. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, शून्य. चाळिसाव्यात ते इतके सावकाश वाकले की मॅडम उठून उभ्या राहिल्या. कातळाच्या भेगेत, अर्धं बाहेर, एक फूल होतं.

"बारा," ओणवे म्हणाले आणि तिथंच मांडी घालून बसले.

मॅडमनी लिहायला पेन उघडलं. ओणव्यांनी हात वर केला.

"थांबा. तुम्ही पुन्हा मोजा."

"कशाला? बारा झाली ना."

"मला बारा हवी होती. हवी असलेल्या माणसाच्या मोजणीवर विश्वास ठेवू नये. मी पाच वर्षं काय काय मोजलं ते तुम्हांला माहितीय."

मॅडमनी तक्ता त्यांच्या हातात दिला, ओढणी कमरेला खोचली आणि एक नंबरपासून वाकल्या. त्या नवख्या होत्या, हळू मोजत होत्या, प्रत्येक चौकोनापाशी दोनदा बघत होत्या. ओणव्यांनी दगडावर बसून आकडे लिहिले. पहिल्यांदाच त्यांना दुसऱ्या कुणाची पाठ बघायला मिळत होती, आणि आपल्याकडे बसमधले लोक एवढे का बघायचे ते कळलं.

"काका," मॅडम एका चौकोनापाशी थांबून म्हणाल्या. "बत्तीसला दोन आहेत."

"बत्तीसला मी शून्य सांगितलं."

"हो. पण दोन आहेत."

ओणवे रांगतच तिथं गेले. पाहिलं. काही दिसेना. चष्मा पुसला, आणखी पुढे झुकले.

"कुठंयत? मघाशी तर नव्हत्या."

"मघाशी तुम्ही त्यांच्यावर वाकलेले होतात," मावशी म्हणाली. "सरका जरा. तुमच्या सावलीत काय दिसणार?"

ओणवे बाजूला सरकले. चौकोनात ऊन आलं. एकमेकींना खेटून दोन होत्या, वीतभरसुद्धा नाहीत, करंगळीएवढ्या. सव्वीस वर्षांत आपली चूक निघाल्याचा इतका आनंद ओणव्यांना कधी झाला नव्हता.

पुढच्या आठ चौकोनांचा आकडा त्यांच्याशी बरोबर जुळला. मॅडम उठल्या, पाठ सरळ केली आणि कळ आली तसं तोंड केलं.

"चौदा," ओणव्यांनी लिहिलं. मग 'मोजणी करणार' याच्यापुढे आधीच लिहिलेलं स्वतःचं नाव खोडलं आणि पेन मॅडमच्या हातात दिलं.